यमुनाबाई वाईकर यांच्या आठवणीचा कार्यक्रम: आखणी कशी करावी?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. यमुनाबाई वाईकर यांच्यावर दीड तासाचा कार्यक्रम बसवायचा आहे. सभागृह बंदिस्त, दोनशे खुर्च्यांचं. पहिला आराखडा समोर आलाय तो असा: वीस मिनिटांची चित्रफीत, भाषणं, मग तयार ट्रॅकवर आठ मुलींच्या आठ लावण्या. सगळ्या उभ्यानं, सगळ्या द्रुत लयीत.

मला हे मान्य नाही. यमुनाबाई बैठकीच्या लावणीच्या. बसून गायच्या, स्वतः गायच्या, आणि एकाच ओळीतून अर्थामागून अर्थ काढायच्या. उभ्या नाचाच्या आठ लावण्या करणं म्हणजे त्यांच्या फोटोला हार घालून दुसऱ्याच कुणाचा तरी कार्यक्रम करणं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म ३१ डिसेंबर १९१५, महाबळेश्वरजवळच्या नूनेकळमे गावचा. कोल्हाटी समाज. लहानपणी आईबरोबर रस्त्यावर खेळ. पुढे बहिणींना घेऊन 'यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी'. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २०१२ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी गेल्या तेव्हा वय १०२.

तर प्रश्न असे: बैठकीचा बाज दोनशे माणसांसमोर टिकेल का? अदा दाखवायची कशी? आणि आयुष्यातलं किती सांगायचं, किती नाही?

जुना_पिंपळ
उत्तम विषय काढलात ताई. तयार ट्रॅकचा आराखडा सरळ बाजूला ठेवा. बाकीचं सुटत जाईल.

मेघा_वि
यमुनाबाई म्हणजे विठाबाई नारायणगावकरांसारख्याच तमाशाच्या ना? मग उभ्यानं नाच का नको?

सुरत्या
मेघाताई, दोघी मोठ्या, पण घर वेगळं. विठाबाई ढोलकी फडाच्या. फडात गण, गौळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे नाट्यकथा, असा क्रम असतो. मागे सुरत्ये, म्हणजे सूर धरणारे साथीदार, उभे, ढोलकीच्या जोडीला हलगी, तुणतुणं, कडं, झांज. उघड्या मैदानात हजारो माणसं. तिथं लांबच्या माणसाला दिसेल असा अंगविक्षेप लागतो आणि आवाज चढा लागतो. विठाबाई नाचायच्या, गायच्या, वगात भूमिकाही करायच्या. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते दाद मिळालेली बाई.

दुसरा प्रकार संगीत बारीचा, तिच्यात वग नसतो. पेटी, तबला, ढोलकी आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या उतरतात आणि पाळीपाळीनं मंचावर येतात. पुण्याचं आर्यभूषण, चौफुला, मोडनिंब, सणसवाडी ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. मंचावरचं झालं की जाणकार रसिकांसमोर स्वतंत्र बैठक बसते. बैठकीच्या लावणीचं पोषण तिथं झालं. ऐकणारा हाताच्या अंतरावर, त्यामुळे भुवईसुद्धा बोलते.

यमुनाबाई सुरुवातीला तमाशातही होत्या, पण त्यांचं नाव झालं ते या दुसऱ्या प्रकारात. ठुमरी जशी एका बोलाभोवती फिरत राहते तशी ही लावणी फिरते. पिलू, खमाज, यमन, भैरवी यांच्या छटा स्पष्ट दिसतात. १९७५ साली दिल्लीत त्यांच्या गाण्यावर बिरजू महाराजांनी अदा केली ती याच नात्यामुळे. कथकच्या माणसाला ती भाषा परकी वाटलीच नाही.

मेघा_वि
समजलं. धन्यवाद सुरत्याकाका. मग उभ्या लावण्या आठ नकोतच.

अभिजित_रा
मी विरोधी बाजू मांडतो. दोनशे माणसांत बैठकीचा बाज जाणणारी वीस असतील. बाकीच्यांना पहिल्या दहा मिनिटांत हालचाल दिसली नाही तर मोबाइल निघतात. श्रद्धांजली म्हणून कार्यक्रम करायचा आणि तो कुणी पाहायचाच नाही, हे यमुनाबाईंनाही आवडलं नसतं. चार उभ्या, चार बैठ्या करा.

ढोलकीवाला
अभिजितराव, काळजी रास्त आहे, पण हिशेब करून बघू. आठ लावण्या बसणारच नाहीत.

धुमाळी ताल धरा, आठ मात्रा. लय मिनिटाला ८०. एक ओळ दोन आवर्तनांची, म्हणजे १६ मात्रा, म्हणजे १२ सेकंद. मुखड्याची ओळ आठ वेळा वेगवेगळ्या अंगानं घेतली तर ९६ सेकंद. तीन कडवी, प्रत्येकी दोन ओळी, प्रत्येक ओळ चार वेळा: २८८ सेकंद. प्रत्येक कडव्यानंतर मुखडा दोनदा: ७२ सेकंद. झाले ४५६ सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटांच्या वर. सुरुवातीची आलापी आणि ढोलकीचे तोडे धरून एक लावणी नऊ मिनिटांची. दीड तासात निवेदन सांभाळून पाचच बसतात. आठ बसवायच्या तर ओळ फिरवणं कापावं लागेल, आणि कापायला नेमकं तेच सापडतं.

आता हालचालीचं. बैठी लावणी म्हणजे थंड लावणी नव्हे. कडवं संपताना ढोलकी दुगणीत (दुप्पट लयीत) जाते, गाणारी गुडघ्यावर उठते, पायातला चाळ (घुंगरं) बोलतो, तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं) पडते आणि पुन्हा मूळ लयीत बसतात. ही चढउतर नीट बांधली तर नवखा माणूसही हलत नाही. सोपी तिहाई सांगतो: धुमाळीच्या दोन आवर्तनांत पहिल्या दोन मात्रा मोकळ्या सोडा, तिसरीपासून पाच-पाच मात्रांचे तीन तुकडे सलग घ्या. शेवटचा 'धा' बरोबर समेवर येतो. चूक कुठं होते? दोन तुकड्यांमध्ये श्वासासाठी अर्धी मात्रा थांबतात आणि मग 'धा' समेच्या पुढे जातो. थांबायचंच असेल तर आधी मोकळ्या सोडलेल्या दोन मात्रांमधून ती जागा काढा.

अभिजित_रा
हिशेब पटला. पाच लावण्या मान्य. पण एक तरी उभी असू द्या, शेवटी.

जुना_पिंपळ
शेवटी एक छक्कड, म्हणजे चटकदार लावणी, उभ्यानं असायला माझीही हरकत नाही. संगीत बारीत उभ्या लावण्याही होतातच. प्रश्न प्रमाणाचा आहे.

शरयू
कृष्णाकाठचीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण कार्यक्रमाचा गाभा तोच आहे.

अदा म्हणजे हावभाव नव्हेत. शब्द तेच, चाल थोडी बदलती, आणि वजन दर वेळी वेगळ्या शब्दावर. सरावासाठी एक साधी ओळ बांधून देते, कुठल्या लावणीतली नाही: "दिवा मालवला, तरी तुम्ही नाही आला." 'दिवा'वर वजन दिलं की रात्र किती झाली ते कळतं. 'मालवला'वर दिलं की दोन शक्यता: तेल संपलं, किंवा तिनंच रागानं फुंकर घातली. 'तरी'वर तक्रार येते. 'तुम्ही'वर दिलं की संशय येतो, बाकी सगळे आपापल्या घरी पोचले. 'नाही आला' हताशपणे म्हणता येतं, आणि हसूनही म्हणता येतं की बरं झालं नाही आलात. सहा शब्दांतून सहा-सात अर्थ सहज निघतात. मुलींना आधी हे बोलून करू द्या, सुराशिवाय, तालाशिवाय. बोलताना जो अर्थ निघत नाही तो गाताना कधीच निघत नाही.

ठरलेल्या चुका सांगते.

पहिली: शब्दाचं चित्र काढणं. दिवा म्हटलं की बोटांनी ज्योत, दार म्हटलं की दोन्ही हात उघडायचे. चित्र एकदाच, पहिल्या वेळी. दुसऱ्या खेपेपासून ज्योत नको, ज्योतीकडे बघणारी नजर हवी.

दुसरी: नजर प्रेक्षकांत फिरवणं. ज्याला उद्देशून ओळ आहे तो 'तो' एका ठरलेल्या जागी बसलेला असला पाहिजे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. नजर उजवीकडून डावीकडे गेली की ऐकणाऱ्याला वाटतं दोन पुरुष आहेत. सखीशी बोलायचं असेल तर तिची जागा वेगळी आणि तीही ठरलेली.

तिसरी: कायमचं हसू. टीव्हीवरच्या स्पर्धांनी लावलेली सवय. बालेघाटी लावणी विरहाची असते, तिथं दात दाखवले की सगळं संपलं.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. भाव शब्दाच्या किंचित आधी येतो, श्वास घेण्याच्या फटीत. गाणारी स्वतः अदा करते तेव्हा श्वास तिचाच असतो, म्हणून हे आपोआप जमतं. तयार ट्रॅकवर श्वास तिसऱ्याचा, त्यामुळे चेहरा दर वेळी शब्दाच्या मागून धावतो. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण खोटं आहे हे कळतं. गाणारी आणि अदा करणारी वेगळी ठेवावीच लागली तर दोघींना शेजारी बसवा, गाणारीनं हिच्या चेहऱ्याकडे बघत गायचं. मागे वाद्यांत बसवून चालत नाही.

यमुनाबाईंनी उतारवयात शिबिरांमधून मुलींना शिकवलं. त्यांचं स्मरण करायचं तर एक ओळ मंचावर शिकवून दाखवणं हा मला सगळ्यात सरळ मार्ग वाटतो.

कृष्णाकाठची
शरयूताई, सोन्यासारखा प्रतिसाद. बसायचं कसं तेही सांगाल का? एक गुडघा वर, एक पाय मुडपून, एवढंच ठाऊक आहे.

शरयू
बरोबर आहे. उजवा गुडघा वर, डावा पाय मांडीखाली, भार डाव्या बाजूला. वरच्या पायाची टाच मोकळी ठेवायची, बसल्या बसल्या तिनंच ठेका धरता येतो. नऊ मिनिटांत मुडपलेल्या पायाला मुंग्या येतात आणि कडव्याअखेर उठताना तोल जातो. म्हणून प्रत्येक तोड्याच्या वेळी गुडघा बदलायचा. हे बसवूनच ठेवायचं, मंचावर सुचत नाही. गादी तीन इंचांपेक्षा जाड नको. मऊ गादीत टाच रुतते आणि चाळाचा आवाज मरतो. पातळ सतरंजीवर चादर उत्तम.

मंजिरीची_आई
नेसणीबद्दल लिहिते, कारण गोंधळ बहुधा इथंच होतो. नऊवारीचं लांबसडक वस्त्र, सव्वाआठ मीटरच्या आसपास. उभ्या नाचासाठी काष्टा घट्ट खोचतात. तसाच घट्ट काष्टा घालून बसलं की मांडीवर ताण येतो आणि गुडघा वर घेताना मागचा खोच सुटतो. बैठकीसाठी चार बोटं ढील ठेवायची आणि नेसून झालं की बसून, उठून, पुन्हा बसून बघायचं.

पदर! हल्ली मुली पदराला खांद्यापासून कमरेपर्यंत पिना मारतात. बैठकीत पदर हे हत्यार आहे. तोंडावर ओढायला, दातात धरायला, बोटाला गुंडाळायला, झटकायला तो मोकळाच हवा. खांद्यावर एक पिन, बास.

शिवलेली नऊवारी वापरू नये, तिचा पदर खेळत नाही. नथ छोटी निवडा. मोठी नथ गाताना ओठावर येते आणि डोक्याला लावायचा माइक असेल तर त्यावर आपटून टकटक आवाज येतो.

बडोदेकर
आम्हाला इथं बडोद्यात असाच कार्यक्रम करता येईल का असा विचार मनात आला. तबलजी आहेत, ढोलकी वाजवणारं कुणी नाही. तबल्यावर भागेल?

ढोलकीवाला
बैठकीच्या संथ भागाला तबला चालतो, संगीत बारीत तो असतोच. पण कडव्याअखेरची उठावणी तबल्यावर बसकी वाटते. ढोलकीच्या शाईच्या बाजूची थाप कडक आणि मोकळी, ती तबल्याच्या चाटेला येत नाही. गरब्याचा ढोल मात्र आणू नका, तो शब्द खातो. एका दिवसासाठी मुंबई-पुण्याहून ढोलकीपटू बोलवा आणि आदल्या दिवशी एक पूर्ण तालीम करा.

बडोदेकर
आभार. गरब्याचा ढोल आणणार होतो, वाचवलंत. :)

पडद्यामागचा
आता मंच, प्रकाश आणि ध्वनी. मूळ प्रश्न 'दोनशे माणसांत टिकेल का' असा होता, त्याचं अर्धं उत्तर इथं आहे.

भुवई पंधरा-वीस फुटांपलीकडे दिसत नाही. दोनशे खुर्च्यांची शेवटची रांग चाळीस-पन्नास फुटांवर जाते. म्हणून मंच वापरूच नका, किंवा मंचाच्या पुढे जमिनीलगत आठ-नऊ इंच उंच चौथरा मांडा, आठ फूट बाय बारा. तिन्ही बाजूंनी जाजमावर साठ-सत्तर माणसं बसवा, मागे खुर्च्या. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी बाजूच्या पहिल्या खुर्च्या राखून ठेवा. मागच्यांसाठी एक कॅमेरा आणि पडदा. कॅमेरा कमरेपासून वरचा, स्थिर, हात चौकटीबाहेर जाणार नाहीत एवढा रुंद. मधूनच फक्त डोळे दाखवायचा मोह होतो, तेव्हा मनगट हरवतं. चेहरा आणि हात एकत्र दिसले तरच अदा दिसते.

प्रकाश समोरून, वरून साधारण ४५ अंशात, दोन्ही बाजूंनी. नुसता डोक्यावरचा दिवा लावला की डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात आणि नजर दिसेनाशी होते. रंग बदलणारे दिवे पूर्ण बंद. हलका पिवळट पांढरा एकच रंग दीड तास.

माइक. हातात माइक दिला की एक हात गेला, म्हणजे अर्धी अदा गेली. स्टँडवरचा माइक चेहरा झाकतो आणि मान वळली की आवाज पडतो. डोक्याला लावायचा बारीक माइक घ्या, गालाला चिकटवून. तो नसेल तर चौथऱ्याच्या पुढच्या कडेला दोन माइक, तीन-चार फुटांच्या अंतरानं. ढोलकीला दोन्ही बाजूंना एकेक. धूमच्या (खर्जाच्या) बाजूचा माइक गाणारीच्या मॉनिटरकडे तोंड करून ठेवला की घुमणं सुरू होतं, म्हणून तो आडवा वळवा. पेटीला वेगळा माइक शक्यतो नकोच. बहुतेक ठिकाणी पेटी शब्दांवर चढते आणि मागच्या रांगेतून 'ऐकू येत नाही' अशी ओरड होते. खरं कारण आवाज कमी हे नसतं, पेटी जास्त हे असतं.

सुरत्या
पेटीबद्दल दुप्पट अनुमोदन.

आणखी एक, चाळाबद्दल. मंचावरच्या लावणीत मुली चार-पाच किलोंचे चाळ बांधतात. बैठकीत ते शब्द बुडवतात. एका पायाला पन्नासेक घुंगरं पुरेत. दोरी बांधण्याआधी घोट्याला सुती पट्टीचे दोन वेढे द्या, आणि बसूनच बांधा. उभ्यानं घट्ट बांधलेली दोरी पाय मुडपला की काचते आणि पाऊल बधिर होतं.

निशिगंध
तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, म्हणून लिहिते. आयुष्य सांगताना दोन टोकं टाळावीत असं मला तळमळीनं वाटतं.

एक टोक म्हणजे सगळं गुळगुळीत करणं. 'गरिबीतून वर आल्या आणि पद्मश्री झाल्या.' त्यात कोल्हाटी समाज, चाळ बांधणाऱ्या मुलीनं लग्न न करण्याची रूढी, तिच्या कमाईवर उभं असलेलं घर, साथीला बसणारे भाऊ, हे सगळं गायब होतं. ते गाळलं तर ती कला कुठून आली ते कळत नाही. लावणी ऐकायला येणारा समाज आणि ती गाणाऱ्या बाईला दारात उभी न करणारा समाज एकच होता, हे बोललं पाहिजे.

दुसरं टोक म्हणजे दुःखाचा देखावा. छोट्या मुलीला फाटके कपडे घालून मंचावर हात पसरायला लावणं मी कुठल्याही कार्यक्रमात सहन करणार नाही. आईबरोबर रस्त्यावर खेळ केला, हे निवेदकानं एका वाक्यात सांगावं आणि पुढे जावं. त्या रस्त्यावरच त्यांचा कान तयार झाला, हेही त्याच वाक्यात यावं.

त्यांनी आपल्या समाजाच्या घरांसाठी केलेली धडपड जरूर सांगा. ती सहसा राहून जाते.

अभिजित_रा
निशिगंधताई, सहमत, पण रूढीचा विषय शाळकरी मुलांसमोर कसा मांडायचा? तिथं पालक उठून जातील.

निशिगंध
साध्या शब्दांत. 'या समाजात घरातली एक मुलगी चाळ बांधायची, मग तिचं लग्न होत नसे आणि सगळं घर तिच्या गाण्यावर चालत असे.' यात उठून जाण्यासारखं काय आहे? चौथीतल्या मुलालाही कळतं आणि अन्यायही कळतो.

जुना_पिंपळ
काळाचा संदर्भही द्या. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि अटी घालून परवानगी मिळाली, संहिता तपासून घेण्याची अट त्यात होती. यमुनाबाई तेव्हा तिशी ओलांडलेल्या, ऐन उमेदीत. मुंबईत गिरणगावानं या कलेला सांभाळलं, लालबागचं हनुमान थिएटर चालवणारे मधुकर नेराळे यांच्यासारखी माणसं पाठीशी उभी राहिली. गिरणी कामगार साताऱ्या-सांगलीचा, नगर-पुण्याचा. त्याला हे गाणं घरचं होतं. एवढं तीन मिनिटांत सांगता येतं आणि त्याशिवाय १९९५ च्या पुरस्काराचं मोल कळत नाही. तोवर त्यांचं वय ७९ झालं होतं.

कागदपत्रे
कोरडी पण गरजेची माहिती. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. रामजोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ या जुन्या शाहिरांचा प्रश्नच नाही. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २००६ पासून मोकळे. चित्रपटातल्या लावण्या घ्याल तर मात्र परवाना लागतो. चित्रफितीत यमुनाबाईंचं ध्वनिमुद्रण वापरणार असाल तर त्याचा हक्क वेगळा, ज्यांच्याकडे असेल त्यांची लेखी परवानगी घ्या.

तिकीट लावून नाट्यरूप प्रयोग करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आधी मिळवा. संहिता वेळेवर द्या, शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

आणि कलावंतांचं मानधन आधी ठरवून, लिहून, कार्यक्रमाच्या दिवशीच द्या. पारंपरिक घराण्यातल्या गायिकेला 'तुमच्याच यमुनाबाईंचा कार्यक्रम आहे' म्हणून कमी पैशांत बोलवू नका. सजावटीला जेवढा खर्च करता त्यापेक्षा साथीदारांचं मानधन कमी असेल तर आराखडा पुन्हा करा.

मंजिरीची_आई
कागदपत्रेंच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन.

कृष्णाकाठची
सर्वांचे मनापासून आभार. सगळं वाचून नवा आराखडा केलाय, तपासा.

भाषणं नाहीत. सुरुवात थेट ढोलकी आणि पेटीवर, दोन मिनिटं. मग पहिली बैठी लावणी, काही न सांगता. त्यानंतर सात मिनिटं निवेदन: नूनेकळमे, आई, रस्ता, पार्टी. दुसरी लावणी बालेघाटी. मग शरयूताईंनी सांगितल्याप्रमाणे पंधरा मिनिटं ओळ उलगडून दाखवणं, मंचावर दोन शिकणाऱ्या मुली आणि एक जाणती गायिका. तिसरी लावणी लगेच, म्हणजे प्रेक्षक आता ओळ फिरताना ओळखतील. निवेदनाचा दुसरा भाग सात मिनिटं: बंदी, गिरणगाव, दिल्ली, समाजाची घरं, शिबिरं, पुरस्कार. चौथी लावणी. शेवटी छक्कड उभ्यानं. चित्रफीत बाहेरच्या दालनात, आधी अर्धा तास चालू. एकूण ७६ मिनिटं होतात.

शरयू
फार छान. एकच बदल: ओळ उलगडण्यासाठी घेतलेली ओळ तिसऱ्या लावणीतलीच असू द्या. वेगळी घेतली तर शिकलेलं वाया जातं. आणि मुलींना आधी पढवून आणू नका. मंचावर त्यांची चूक व्हायला हवी आणि गायिकेनं ती तिथंच दुरुस्त करायला हवी.

अभिजित_रा
माझी हरकत मागे. छक्कड ठेवल्याबद्दल आभार.

निशिगंध
निवेदनाच्या दुसऱ्या भागात पुरस्कारांची यादी वाचू नका, दोनच नावं पुरेत. वाचलेली मिनिटं घरांना आणि शिबिरांना द्या.

ढोलकीवाला
पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, गाणारीनं ठरवायची, पेटीवाल्यानं नाही. पाचही लावण्या एकाच पट्टीत ठेवा, नाहीतर मध्येच ढोलकी चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो. नाहीतर दोन ढोलक्या आणा, एक सुराची आणि एक खाली लावलेली.

कृष्णाकाठची
एकच पट्टी ठेवतो. सभागृहात वातानुकूलन आहे, त्याचा काही त्रास?

ढोलकीवाला
आहे. बाहेरच्या दमट हवेत लावलेली ढोलकी थंड कोरड्या हवेत आली की चामडं ताणतं आणि सूर चढतो. पहिल्या लावणीत कळत नाही, दुसरीत पेटीशी खटका उडतो. वातानुकूलन तासभर आधी सुरू करा, वाद्यं तेव्हाच आत आणून खोळीतून बाहेर काढून ठेवा, आणि सूर शेवटच्या पंधरा मिनिटांत लावा. बालेघाटीनंतर ओळ शिकवायला घेताय तेव्हा गायिका बोलत असतानाच शाई एकदा पुन्हा जुळवून घ्यायची.